लेकाला अमेरिकेत पॅरामेडिक व्हायचंय, पण व्हिसाचं दारच सापडत नाही

सोअरकाठची
नमस्कार मंडळी. बरीच वर्षं इथे वाचते, लिहिते क्वचित. आज गरज पडली म्हणून धागा काढतेय.

आम्ही साताऱ्याचे. २८ वर्षांपूर्वी लेस्टरला आलो. धाकट्याचा जन्म इथलाच. तो पॅरामेडिक आहे. तीन वर्षांची पदवी केली, एचसीपीसीची (इथल्या आरोग्य व्यावसायिकांच्या नियामक संस्थेची) नोंदणी मिळवली आणि गेली चार वर्षं ९९९च्या (इथल्या आणीबाणीच्या नंबरच्या) अ‍ॅम्ब्युलन्सवर आहे. रात्रपाळीहून आला की बूट दारातच काढून आधी आंघोळीला जातो. मग चहा घेताना दोन शब्द बोलतो, तेवढंच मला त्याच्या कामातलं कळतं.

त्याला कोलोरॅडोला जायचंय. डोंगरातून जखमी माणसांना खाली आणायचं काम शिकायचं, हे वेड कॉलेजपासूनचं. पैशांसाठी जात नाहीये तो. आता एका एजंटाने २,५०० पौंड मागितलेत. "ब्रिटिश पदवी आहे, एच-१बी सहज होईल," म्हणतो. (एच-१बी म्हणजे तिथल्या नोकरीचा व्हिसा.) अर्धे पैसे शुक्रवारपर्यंत द्यायचे.

दोनच प्रश्न आहेत. ब्रिटिश पॅरामेडिकला अमेरिकेत काम करायला व्हिसा मिळतो का? आणि हे पैसे द्यावेत का?

पावटाउसळ
दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर लगेच देतो. देऊ नका. पहिल्याचं जाणकार सांगतील.

रेवदंडा
पदवी आहे ना, मग एच-१बी का नाही होणार? माझ्या आतेभावाचा झाला, तो तर साधा बीएस्सी. तरुण पोरगा आहे, प्रयत्न करू द्या की. घरातल्यांनीच पाय मागे ओढायचे का?

हडसनपार
ताई, मी न्यू जर्सीत एका इमिग्रेशन वकिलांच्या ऑफिसात १४ वर्षं कागदपत्रं तयार करते. मी वकील नाही, त्यामुळे हे माहिती म्हणून वाचा.

एच-१बीच्या अर्जात आधी बघतात ते नोकरीकडे. या कामाला सर्वसाधारणपणे त्या विषयातली पदवी लागतेच का, हा पहिला प्रश्न. उमेदवाराकडे पदवी आहे का, हा त्यानंतरचा. पहिल्याचं उत्तर "नाही" आलं की तुमच्या मुलाची पदवी कितीही चांगली असो, ती फाईलमध्ये नुसती पडून राहते. अमेरिकेच्या कामगार खात्याची एक व्यवसाय-पुस्तिका आहे, अधिकारी ती उघडून बघतात. त्यात पॅरामेडिकच्या पुढे बारावीनंतरचं, पदवीखालचं प्रमाणपत्र लिहिलंय. इथले बहुतेक पॅरामेडिक कम्युनिटी कॉलेजात वर्ष-दोन वर्षं शिकून येतात.

ब्रिटनमध्ये सप्टेंबर २०२१पासून नव्या पॅरामेडिकला नोंदणीसाठी ऑनर्स पदवी लागते. काम तेच, गाडी तीच, पेशंटही तसेच, पण एका देशात पदवी लागते आणि दुसऱ्यात लागत नाही. व्हिसा दुसऱ्या देशाचा हिशेब धरतो. रेवदंडा, तुमच्या आतेभावाची नोकरी बहुधा पदवी लागणारी असणार, म्हणून झालं.

शिवाय वर्षाला जागा ६५,००० आणि अमेरिकेत मास्टर्स केलेल्यांसाठी आणखी २०,०००, त्याही सोडतीने. सप्टेंबर २०२५च्या आदेशाने अमेरिकेबाहेरच्या नव्या उमेदवारामागे मालकाने १,००,००० डॉलर भरायचे, असं आलंय. कुठली अ‍ॅम्ब्युलन्स सेवा हे भरेल? त्यांच्या पॅरामेडिकचा वर्षाचा पगारही तेवढा नसतो.

एजंटाने "सहज" म्हटलंय, तिथेच मला शंका येते.

रेवदंडा
नोकरीला पदवी लागते का, हे बघतात हे खरंच माहीत नव्हतं. आतेभाऊ सॉफ्टवेअरमध्ये आहे. पण अमेरिकेत पॅरामेडिक मिळत नाहीत असं सारखं वाचतो. मग माणसं हवीत तर बोलवत का नाहीत?

मिरजमळा
मी मिरजेत नर्सिंग केलं, आता ह्यूस्टनला इमर्जन्सी विभागात आहे. दर पाळीत पॅरामेडिक पेशंट घेऊन येतात, त्यांच्याशी रोजचा संबंध. म्हणून ताईंचा प्रश्न जवळचा वाटला.

परदेशी नर्सला दार का उघडतं ते सांगते. कामगार खात्याची "शेड्यूल ए" नावाची एक यादी आहे. त्यात नोंदणीकृत नर्स आणि फिजिओथेरपिस्ट आहेत. "या कामाला इथली माणसं पुरत नाहीत" हे सरकारने आधीच मान्य केलंय. त्यामुळे हॉस्पिटलला जाहिराती देऊन, इथला माणूस मिळत नाही हे सिद्ध करत बसावं लागत नाही. पॅरामेडिक या यादीत नाहीत.

दुसरी यादी आरोग्य कर्मचाऱ्यांच्या प्रमाणपत्राची. नर्स, फिजिओ, ऑक्युपेशनल थेरपिस्ट, स्पीच थेरपिस्ट, लॅबवाले, फिजिशियन असिस्टंट यांना व्हिसाआधी हे प्रमाणपत्र घ्यावंच लागतं. मी कागद गोळा करत होते तेव्हा फार वैतागले होते. सांगली, मुंबई, दिल्ली, पुन्हा सांगली. पॅरामेडिकचं नाव याही यादीत नाही. वरवर वाटतं, बरं झालं, एक कटकट वाचली. पण आज विचार करते तेव्हा वाटतं, नाव यादीत असणं म्हणजे "हे लोक बाहेरून येणार" असं कायदा लिहिणाऱ्यांनी धरून चालणं. पॅरामेडिकबद्दल तसं कुणी धरलेलंच नाही. त्यांना मुद्दाम अडवलंय असं नाही, त्यांच्यासाठी वाट आखायचीच राहून गेली. मला हे जास्त लागतं.

पावटाउसळ
मिरजमळा, शेवटचा परिच्छेद दोनदा वाचला.

हडसनपार
अगदी बरोबर. रेवदंडांच्या "बोलवत का नाहीत" याचं उत्तर यातच आहे. बोलवायची वाट आहे, ईबी-३ ग्रीन कार्ड. किमान दोन वर्षांचं प्रशिक्षण किंवा अनुभव लागणाऱ्या कामांसाठी त्यात "कुशल कामगार" असा वर्ग आहे. पण शेड्यूल एमध्ये नाव नसल्याने मालकाला सगळी लेबर सर्टिफिकेशन, म्हणजे इथला माणूस मिळत नाही हे सिद्ध करायची प्रक्रिया, करावी लागते. आधी कामगार खात्याकडून त्या भागातला प्रचलित पगार ठरवून घ्या, मग जाहिराती, आलेल्या प्रत्येक स्थानिक अर्जाचा विचार, मग खात्याकडे अर्ज, मग इमिग्रेशनकडे, मग व्हिसाच्या रांगेत. काही वर्षं जातात. त्याच वेळात ती सेवा आपल्याच गावातल्या एखाद्या ईएमटीला (पॅरामेडिकच्या खालच्या पायरीच्या कर्मचाऱ्याला) पॅरामेडिकचा कोर्स करवून गाडीवर चढवू शकते. कमतरता खरी आहे, पण ती त्यांना आज रात्रीच्या पाळीला जाणवते. तीन वर्षांनी येणाऱ्या माणसाने आजची पाळी भरत नाही.

आता पैशांचं. लेबर सर्टिफिकेशनचा आणि त्यासाठीच्या वकिलाचा खर्च कायद्याने मालकानेच करायचा असतो, उमेदवाराकडून घेता येत नाही. एच-१बीच्या अर्जाचा खर्चही मालकाचाच. म्हणून जो एजंट मालकाचं नावही न सांगता मुलाकडे पैसे मागतो, त्याला एक पौंडसुद्धा देऊ नका.

आणि ताई, एक गोष्ट तुमच्या बाजूची आहे. ग्रीन कार्डाची रांग नागरिकत्वावर लागत नाही, जन्म कुठल्या देशात झाला त्यावर लागते. तुमचा मुलगा लेस्टरला जन्मला, तो भारताच्या रांगेत नाही. साताऱ्यात जन्मून नंतर ब्रिटिश पासपोर्ट घेतला असता तर भारताच्याच रांगेत उभा राहिला असता. ईबी-३मध्ये भारतात जन्मलेल्यांची रांग २०२५ साली २०१३च्या अर्जांपाशी घुटमळत होती.

सोअरकाठची
हे वाचून अंगावर काटा आला. थोरला साताऱ्याला जन्मला, मी बाळंतपणाला माहेरी गेले होते. धाकट्याच्या वेळी तिकिटाला पैसे नव्हते म्हणून इथेच राहिले. किती वर्षं आईने मला त्यावरून बोल लावले होते.

धाकट्याला मराठी बोलता येतं, वाचता येत नाही. मी फोनवरून सगळं वाचून दाखवतेय. "शेड्यूल ए"पाशी त्याने मला थांबवलं आणि परत वाच म्हणाला.

यारातीर
मेलबर्नहून लिहितोय. काकू, रागावू नका, पण अमेरिकाच का? आमच्याकडच्या अ‍ॅम्ब्युलन्सवर ब्रिटिश उच्चार नेहमी ऐकू येतो. डिसेंबर २०१८पासून पॅरामेडिकची राष्ट्रीय नोंदणी आहे, पदवीचा पेशा म्हणूनच धरतात. स्थलांतराच्या व्यवसाय-याद्यांमध्ये अ‍ॅम्ब्युलन्सवरचं हे काम स्वतंत्र लिहिलेलं आहे. उलट वाहतूकही आहे, लंडनच्या अ‍ॅम्ब्युलन्स सेवेने २०१४पासून इथून पॅरामेडिक नेले. डोंगरच हवेत तर न्यूझीलंड शेजारी आहे, तिथेही पॅरामेडिकची नोंदणी सुरू झालीये. मिरजमळांनी ज्याला वाट आखणं म्हटलं, ती इकडे आखलेली आहे.

रेवदंडा
पोराला कोलोरॅडो हवंय आणि तुम्ही त्याला मेलबर्न दाखवताय!

यारातीर
उपाशी माणसाला समोरची खानावळ बंद आहे हे सांगताना शेजारची उघडी आहे हेही सांगावं ना, दादा.

जुनीपेठ
अवांतर आहे, पण सांगितल्याशिवाय राहवत नाही. हृदयविकाराच्या झटक्याच्या माणसापर्यंत हॉस्पिटलच घेऊन जायचं, ही कल्पना ब्रिटिश बेटांवरूनच अमेरिकेत गेली. बेलफास्टच्या रॉयल व्हिक्टोरिया हॉस्पिटलातल्या डॉ. फ्रँक पँट्रिज यांनी जानेवारी १९६६मध्ये फिरतं हृदयविकार पथक सुरू केलं. त्यांचा पहिला फिरता डिफिब्रिलेटर (हृदयाला विजेचा झटका देणारं यंत्र) गाडीच्या बॅटऱ्यांवर चालायचा आणि वजन सुमारे ७० किलो! १९६७ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात त्यांचा लेख आला. पुढच्याच वर्षी न्यू यॉर्कच्या सेंट व्हिन्सेंट्स हॉस्पिटलने तसं पथक उभं केलं.

त्याच १९६७मध्ये पिट्सबर्गला 'फ्रीडम हाऊस' अ‍ॅम्ब्युलन्स सुरू झाली. काम नसलेल्या कृष्णवर्णीय तरुणांना पीटर सफार या डॉक्टरांनी कसून शिकवलं आणि अमेरिकेतले सुरुवातीचे उत्तम पॅरामेडिक त्यातून घडले. सफार स्वतः व्हिएन्नात जन्मलेले. ज्या पेशाच्या मुळाशी बेलफास्ट आणि व्हिएन्ना आहे, त्याला आज परदेशी माणसासाठी रकाना नसावा याचं वाईट वाटतं.

डॉमाणदेशी
सुंदर माहिती, जुनीपेठ.

मी बीएएमएस, काही वर्षं १०८च्या गाडीवर होतो. महाराष्ट्रात २०१४ साली ही सेवा सुरू झाली तेव्हा ९३७ गाड्या होत्या, आणि आपल्याकडे गाडीवर डॉक्टर असतो. त्यामुळे "पॅरामेडिक" म्हटलं की आपल्या लोकांना मदतनीस वाटतो. मलाही वाटायचं. मग लंडनला बहिणीकडे गेलो असताना मेव्हण्यांच्या छातीत दुखलं. आलेल्या मुलीने ईसीजी काढला, वाचला, औषध दिलं आणि कुठल्या हॉस्पिटलला न्यायचं हेही तिनेच ठरवलं. कुणाला फोन करून परवानगी मागितली नाही. मी डॉक्टर असून बाजूला उभा होतो आणि तिचं काम बघत होतो.

काकू, माझा प्रश्न मुलासाठी आहे. अमेरिकेत त्याला हे स्वातंत्र्य मिळेल का?

लालमाती
डॉक्टर, मी उत्तर देतो. मी कोलोरॅडोतल्या बोल्डरजवळ राहतो आणि डोंगर-बचावाच्या स्वयंसेवक पथकात आहे, त्यामुळे पॅरामेडिक मित्र बरेच.

इथला पॅरामेडिक वैद्यकीय संचालक असलेल्या डॉक्टरच्या लिखित आदेशांखाली काम करतो. काही ठिकाणी ते आदेश फार मोकळे असतात. ब्रिटिश पॅरामेडिक वापरत नाहीत अशी काही औषधं आणि भूल देऊन नळी घालण्यासारखी कामंही इथले काही करतात. पण पेशंटला घरीच तपासून, उपचार करून, न नेता परत येणं इथे कमी. मेडिकेअर (इथल्या ज्येष्ठांचा सरकारी विमा) अ‍ॅम्ब्युलन्सला पैसे देतं ते मुख्यतः माणूस पोचवल्याबद्दल. ब्रिटनमध्ये तर २०१८पासून प्रगत पॅरामेडिक औषधं स्वतः लिहून देऊ शकतात. त्यामुळे मुलाला काही बाबतीत हात मोकळे वाटतील, काही बाबतीत बांधलेले.

व्हिसा मिळाला तरी परवान्याचं वेगळंच. ब्रिटिश नोंदणी इथे आपोआप चालत नाही. परवाना राज्य देतं आणि कोलोरॅडो त्यासाठी नॅशनल रजिस्ट्रीचं (परीक्षा घेणाऱ्या देशपातळीवरच्या संस्थेचं) प्रमाणपत्र मागतं. त्या परीक्षेचा रस्ता मान्यताप्राप्त अमेरिकन अभ्यासक्रमातून जातो. म्हणजे चार वर्षं गाडी सांभाळलेल्या माणसाने परत वर्गात काही काळ बसायची तयारी ठेवायची. औषधांची नावंही बदलतात. अ‍ॅड्रेनलिनचं एपिनेफ्रिन, सालब्युटामॉलचं अल्ब्युटेरॉल, पॅरासिटामॉलचं अ‍ॅसिटामिनोफेन.

पावटाउसळ
आणि रक्तातली साखर! आमचे काका बर्मिंगहॅमहून डॅलसला गेले. "आज साखर ७ आहे" असं जेवणाआधी सहज म्हणाले. वहिनी साखरेचा डबा आणि चमचा घेऊन धावत आल्या. ब्रिटनचे ७ म्हणजे अमेरिकेचे १२६, हे कळेपर्यंत काकांच्या तोंडात दोन चमचे गेले होते.

मिरजमळा
पावटाउसळ, हे मी उद्या पाळीत सगळ्यांना सांगणार आहे.

कॅम्पसकट्टा
विद्यार्थी म्हणून का जात नाही? एफ-१वर कम्युनिटी कॉलेजचा दोन वर्षांचा पॅरामेडिक कोर्स. परवान्याचा प्रश्नही त्यातच सुटतो आणि नंतर १२ महिने काम करता येतं. शिवाय जे-१ नावाचा प्रशिक्षणार्थींचा व्हिसा आहे, तो तर अजून सोपा.

हडसनपार
जे-१ नाही चालणार. प्रशिक्षणार्थी आणि इंटर्न गटात पेशंटची काळजी किंवा पेशंटशी संबंध येणारं काम नियमानेच मना आहे.

एफ-१ ही खरी वाट आहे, पण खर्च पूर्ण स्वतःचा, परदेशी विद्यार्थ्याच्या दराने. मुलाखतीत शिकून परत जाणार असल्याचं पटवावं लागतं. आणि १२ महिने संपले की आपण पुन्हा याच धाग्यातल्या माझ्या पहिल्या प्रतिसादावर येतो, कारण पुढचा व्हिसा नोकरीकडेच बघणार.

बाकीच्या खिडक्या पटकन सांगते. टीएन कॅनडा-मेक्सिकोच्या नागरिकांसाठी, ई-३ ऑस्ट्रेलियनांसाठी. ग्रीन कार्डाच्या सोडतीत ब्रिटनमध्ये जन्मलेल्यांना बरीच वर्षं जागा नव्हती, फक्त उत्तर आयर्लंड वेगळं धरायचे. त्या-त्या वर्षाची यादी स्वतः बघा. अमेरिकन नागरिकाशी लग्न झालं तर गोष्ट वेगळी.

एक वाट मात्र मला मनापासून सुचवावीशी वाटते. मुलाने मास्टर्स केलं आणि पुढे विद्यापीठात पॅरामेडिक शिकवायच्या किंवा संशोधनाच्या जागेसाठी अर्ज केला, तर त्या नोकरीलाच पदवी लागते. विद्यापीठांना सोडतही लागू नाही. तो १,००,००० डॉलरचा आदेश मात्र त्यांनाही अडवतो, त्यामुळे आज लगेच नाही. पण वय त्याच्या बाजूने आहे.

रेवदंडा
ताई, मी सुरुवातीला पाय ओढण्याबद्दल बोललो ते मागे घेतो. तुम्ही विचारलंत तेच बरं केलंत. आमच्या गावातल्या एका पोराने अशाच "सहज होईल"वर बापाची जमीन गहाण टाकली होती, आखातात जायला. मला आधी आठवायला हवं होतं.

सोअरकाठची
सगळ्यांचे खूप आभार. गुरुवार रात्र आहे, धाकटा आत्ताच पाळीवर गेला.

काल त्याने एजंटाला लिहिलं, "मालकाचं नाव आणि अर्ज कुठल्या वर्गात करणार ते कळवा, मग पैशांचं बोलू." आज दिवसभर उत्तर नाही. पैसे देत नाही आहोत.

डॉक्टर, तुमचा प्रश्न त्याला विचारला. म्हणाला, "आई, गेल्या आठवड्यात ८० वर्षांच्या आजींना पडल्यावर उचललं, सगळं तपासलं, त्यांच्या डॉक्टरांशी बोललो आणि त्यांच्याच खुर्चीत बसवून आलो. हे सोडायला मला जड जाईल." मग बराच वेळ गप्प होता. डोंगराचं वेड मात्र गेलेलं नाही, हे मला दिसतं. यारातीर, तुमचं न्यूझीलंड त्याने स्वतःहून नकाशावर काढून बघितलं. मास्टर्सचीही माहिती काढतोय.

लालमाती, एक विचारू? नोकरी नाही तर नाही, पण त्याची फेब्रुवारीत दोन आठवड्यांची रजा आहे. नुसतं बघायला येऊ शकतो का?

लालमाती
ये म्हणावं! हात न लावता निरीक्षक म्हणून गाडीवर बसू देणाऱ्या सेवा आहेत, मी विचारून ठेवतो. त्यांचं पत्र आल्याशिवाय तिकीट काढू नका. ते सोबत ठेवा, आणि विमानतळावर विचारलं तर जे आहे तेच सांगायचं, बघायला आलोय, काम करणार नाही, पगार नाही. आमच्या पथकाचा बर्फातला सरावही तेव्हाच असतो. जोडे भक्कम आणा. राहायला आमच्याकडेच.

सोअरकाठची
डोळ्यात पाणी आणलंत. भाजणी पाठवू का त्याच्याबरोबर?

लालमाती
भाजणी इथे मिळते, वहिनी. मेतकूट मिळत नाही.